हुकूम कुठवर पाळायचा? सैनिकाचं कर्तव्य, इमान आणि युद्धाचा कायदा

भारतीय लष्करात दाखल होणारा जवान शपथ घेतो. राज्यघटनेशी निष्ठा राखीन, जमिनीवरून, समुद्रावरून वा हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन, राष्ट्रपतींचे आणि माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यांचे हुकूम पाळीन, आणि जिवावर बेतलं तरी पाळीन, असं तो सांगतो. या शेवटच्या शब्दांमध्ये सैनिकी पेशाचा गाभा आहे. ‘मला मरायची भीती वाटते’ हे कारण लष्करात चालत नाही. समोरून मशीनगन चालू असताना टेकडी चढायचा हुकूम आला, तर तो कितीही भयंकर वाटला तरी कायदेशीर आहे, आणि तो मोडणं हा गुन्हा आहे.

पण शपथ स्वतःच्या जिवाबद्दल आहे. हात बांधलेल्या कैद्याचा, शेतातून घरी परतणाऱ्या बाईचा किंवा पोराचा जीव घेण्याची परवानगी ती देत नाही. कर्तव्य आणि इमान यांच्या झगड्याच्या बहुतेक गोष्टी याच रेषेवर घडतात. स्वतःचा जीव पणाला लावायचा हुकूम सैनिकाला टाळता येत नाही आणि निःशस्त्राला मारायचा हुकूम त्याला पाळता येत नाही. ही रेष कागदावर स्पष्ट दिसते. रणात ती का पुसट होते आणि ती ओळखणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते इथे खऱ्या प्रसंगांवरून पाहू.

कायद्यातला ‘कायदेशीर’ हा शब्द

आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ४१ मध्ये हुकूम मोडण्याची शिक्षा आहे. वरिष्ठाने स्वतः, आपल्या पदाच्या कामात दिलेला कायदेशीर हुकूम अधिकाराला उघड आव्हान देत धुडकावला, तर १४ वर्षांपर्यंत कैद. असा उद्दामपणा नसेल, पण कायदेशीर हुकूम पाळलाच नाही, तर ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे युद्ध किंवा मोहिमेवर, असताना १४ वर्षांपर्यंत आणि एरवी ५ वर्षांपर्यंत. दोन्हीकडे हुकूम ‘कायदेशीर’ असण्याची अट आहे. बेकायदेशीर हुकूम मोडला तर या कलमाखालचा गुन्हाच उभा राहत नाही.

मग कायदेशीर हुकूम ओळखायचा कसा? देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार हवा. हुकुमाचा संबंध लष्करी कामाशी हवा. साहेबाच्या खासगी बंगल्याला रंग दे, हे लष्करी काम नव्हे. आणि हुकुमात सांगितलेली कृती स्वतःच गुन्हा असता कामा नये. अडतं ते बहुधा या तिसऱ्या अटीपाशी.

१९४९ चे चार जिनिव्हा करार भारताने मान्य केलेत आणि त्यांच्यासाठी देशात १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. शरण आलेला, जखमी किंवा कैद झालेला शत्रू या करारांच्या संरक्षणाखाली येतो. अशा माणसाला जाणूनबुजून ठार मारलं, तर १९६० च्या कायद्यात फाशी किंवा जन्मठेप आहे. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ एवढ्यावर सुटका होईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

फौजदारी कायद्यातलं एक उदाहरण इथे नेहमी पुढे केलं जातं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ७६, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४. त्यात लिहिलंय की कायद्याच्या आज्ञेला धरून, वरिष्ठाच्या हुकुमावरून एखाद्या सैनिकाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. हे वाचून अनेकांना वाटतं की हुकूम मिळाला की सैनिक सुरक्षित. पण संरक्षणाचा सगळा भार ‘कायद्याच्या आज्ञेला धरून’ या शब्दांवर आहे. हुकूमच कायद्याबाहेरचा असेल तर ही ढाल हातात राहत नाही. २०११ साली मुंबईतल्या एका चकमक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना हेच सुनावलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन न्यायालय म्हणालं की खोट्या चकमकीचा बेकायदेशीर हुकूम आला, तर तो नाकारणं हेच पोलिसाचं कर्तव्य आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये ठरलेल्या तत्त्वाचा आशय थोडक्यात असा: सरकारचा किंवा वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याखालची जबाबदारी टळत नाही, मात्र त्या माणसाला नैतिक निवड करणं प्रत्यक्षात शक्य असायला हवं. शिक्षा ठरवताना हुकुमाचा विचार करून ती सौम्य करता येते. पण अपराध पुसला जात नाही.

काळा झेंडा

प्रत्येक शिपायाने प्रत्येक हुकूम कायद्याच्या पुस्तकात शोधत बसावं, असं कुणीच म्हणत नाही. तसं झालं तर पलटण चालणार नाही. शंकेची जागा असेल तर हुकूम कायदेशीर आहे असं धरून चालायचं, हा जगभरच्या सैन्यांचा नियम आहे आणि तो बरोबरही आहे. खालच्या शिपायाला मैदानाचा एक कोपरा दिसतो, वरच्याकडे बाकीची खबर असते. प्रश्न उरतो तो ज्यात शंकेला जागाच नाही अशा हुकुमांचा. त्यांची कसोटी एका भीषण प्रकरणातून घडली.

२९ ऑक्टोबर १९५६. इस्रायल आणि इजिप्तमधलं सिनाईचं युद्ध त्याच दिवशी सुरू झालं. इस्रायलच्या पूर्व सीमेवरच्या अरब गावांमध्ये सीमा पोलिसांनी संध्याकाळी ५ पासून संचारबंदी लावली. कफ्र कासिम गावच्या मुख्तारला, म्हणजे गावप्रमुखाला, हे कळलं साडेचारच्या सुमाराला. तो म्हणाला, गावातली शेकडो माणसं शेतांवर, खाणींत, बाहेरगावी कामाला गेलीत, त्यांना अर्ध्या तासात कसं कळवू? त्याला उत्तर मिळालं की त्यांना येऊ दिलं जाईल. मात्र बटालियनचा प्रमुख मेजर मेलिंकी याने आपल्या अधिकाऱ्यांना वेगळाच हुकूम दिला होता: संचारबंदीत घराबाहेर दिसेल त्याला गोळी घाला. कामावरून परतणाऱ्यांचं काय, असा प्रश्न बैठकीत विचारला गेला, आणि त्यांनाही सवलत नाही असा अर्थ होईल असं उत्तर आलं. ५ नंतर लोक सायकलींवरून, गाड्यांमधून, ट्रकमधून गावाकडे येत राहिले. तुकडीने त्यांना थांबवून, खाली उतरवून मारलं. जवळपास ५० माणसं गेली, त्यांत बायका होत्या, मुलंही होती.

या प्रकरणातली एक बाब फार कमी सांगितली जाते. तोच हुकूम शेजारच्या इतर गावांच्या तुकड्यांनाही मिळाला होता. तिथल्या काही अधिकाऱ्यांनी परतणाऱ्या लोकांना मुकाट्याने घरी जाऊ दिलं, आणि त्या गावांमध्ये हे हत्याकांड झालं नाही. संध्याकाळ तीच, हुकूम तोच, गणवेश तोच. ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा बचाव तिथेच कोसळला.

१९५८ च्या निकालात न्यायमूर्ती बेंजामिन हालेव्ही यांनी लिहिलं की उघड बेकायदेशीर हुकुमावर काळा झेंडा फडकत असतो. नुसती तांत्रिक चूक, कलमांचा घोळ किंवा वकिलालाच कळेल असा दोष पुरेसा नाही. बेकायदेशीरपणा डोळ्यात खुपणारा हवा आणि साध्या माणसाच्या मनाला जाणवणारा हवा. असा हुकूम पाळायचाच नाही.

तत्त्व फार मोठं ठरलं आणि न्याय फार लहान. दोषींना १७ वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या, त्या कमी होत गेल्या आणि १९६० पर्यंत सगळे सुटले. मेलिंकीचा वरिष्ठ, ब्रिगेडचा प्रमुख कर्नल शदमी याच्यावर वेगळा खटला चालला, त्याला खुनातून मुक्त करून अधिकार ओलांडल्याबद्दल त्या काळच्या क्षुल्लक नाण्याचा दंड झाला. कसोटी लिहिणारं न्यायालय आणि शिक्षा माफ करणारी व्यवस्था एकाच देशातली होती, हे विसरून त्या निकालाचं कौतुक करणं मला पटत नाही.

मी लाय: रेघ ओढणारं हेलिकॉप्टर

१६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या मी लाय भागात अमेरिकी पायदळाची एक कंपनी उतरली. तिथे व्हिएतकाँगची, म्हणजे कम्युनिस्ट गनिमांची, बटालियन असेल असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात बायका, म्हातारे आणि मुलंच सापडली. सकाळभर त्यांची कत्तल झाली. अमेरिकी सैन्याच्या तपासात ३४७ चा आकडा आला, व्हिएतनामने उभारलेल्या स्मारकावर ५०४ नावं आहेत.

वर वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्पसन छोटं टेहळणी हेलिकॉप्टर उडवत होता. सोबत ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न. शत्रूला गोळीबार करायला लावून त्याची जागा हुडकणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी जखमी गावकऱ्यांजवळ धुराच्या नळ्या टाकल्या, म्हणजे खालचे सैनिक औषधोपचार करतील. फेरी मारून परत आले तर तेच जखमी मेलेले. मग प्रेतांनी भरलेला चर दिसला. थॉम्पसनने उतरून तिथल्या सैनिकांना, अधिकाऱ्याला विचारलं, आणि पुन्हा उडाल्यावर गोळीबार चालूच असल्याचं पाहिलं.

त्यानंतर एका खंदकाकडे पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागे येणारे सैनिक दिसले. थॉम्पसनने हेलिकॉप्टर दोघांच्या मधे उतरवलं. आपल्या माणसांना सांगितलं की हे लोक गावकऱ्यांवर किंवा माझ्यावर गोळी झाडू लागले तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. मग तो एकटा खंदकापाशी गेला, लोकांना हाताने खुणावून बाहेर काढलं आणि ओळखीच्या वैमानिकांना रेडिओवरून बोलावून मोठ्या हेलिकॉप्टरमधून त्यांना हलवलं. पुढे चरात काहीतरी हललेलं दिसलं. अँड्रिओटा प्रेतांमधून चालत गेला आणि जिवंत मूल बाहेर घेऊन आला. ते हॉस्पिटलात पोचवलं.

इथे नीट बघायला हवं की थॉम्पसनने कुठला हुकूम मोडला नव्हता. ‘गावकऱ्यांना मार’ असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने त्याहून कठीण गोष्ट केली. इतरांना मिळालेल्या किंवा त्यांनी मिळाला असं मानलेल्या हुकुमाच्या आड तो उभा राहिला. तळावर परतताच त्याने वरिष्ठांना तक्रार केली, आणि त्या भागातली उरलेली कारवाई थांबवण्याचा हुकूम निघाला. किती जीव त्या एका तक्रारीने वाचले हे मोजता येत नाही.

नंतरची कहाणी त्रासदायक आहे. प्रकरण दडपलं गेलं. १९६९ मध्ये एका माजी सैनिकाने खासदारांना पत्रं पाठवल्यावर ते उघड झालं. थॉम्पसनने साक्ष दिली तेव्हा अमेरिकेच्या संसदेतल्या एका वजनदार सदस्याने शिक्षा झालीच तर ती थॉम्पसनला व्हावी अशी भाषा केली. २६ जणांवर आरोप ठेवले गेले, दोषी ठरला फक्त लेफ्टनंट विल्यम कॅली, १९७१ मध्ये, २२ खुनांसाठी. जन्मठेप झाली, पण साडेतीन वर्षांच्या आसपास, बहुतेक काळ घरकैदेत काढून तो सुटला. त्याचा बचाव होता की कंपनीच्या कॅप्टनचा हुकूम होता. त्याच्या अपिलाच्या निकालात कसोटी सांगितली गेली ती ही: साधारण अक्कल आणि समज असलेल्या माणसाला जो हुकूम त्या परिस्थितीत बेकायदेशीर आहे हे कळेल, तो पाळल्याचा बचाव घेता येत नाही. थॉम्पसन आणि त्याच्या साथीदारांना सोल्जर्स मेडल मिळालं १९९८ मध्ये. अँड्रिओटा मी लायनंतर महिन्याच्या आतच लढाईत गेला होता.

पेशावर, १९३०

आपल्याकडे या विषयावर बोलायचं तर पेशावरशिवाय पुढे जाता येत नाही. मिठाच्या सत्याग्रहाचा महिना. २३ एप्रिल १९३० ला खान अब्दुल गफार खान यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात गर्दी जमली. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली, एक गाडी जाळली गेली आणि निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. तिथे रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे जवान होते. गोळी झाडायचा हुकूम झाला तेव्हा हवालदार चंद्रसिंह भंडारी, ज्यांना देश पुढे चंद्रसिंह गढवाली म्हणून ओळखू लागला, यांनी ‘गढवाली, सीज फायर’ असं ओरडून आपल्या माणसांना थांबवलं, अशी हकीकत सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शहरात जायची वेळ आली तेव्हा तुकडीने जायला नकार दिला. गढवालमधल्या हिंदू जवानांनी पठाण मुसलमानांवर गोळी झाडायला नकार दिला, याचं महत्त्व इंग्रजांनाही नीट कळलं होतं.

मी लायमध्ये गोळी झाडणाऱ्यांचं कृत्य त्यांच्या स्वतःच्या सैन्याच्या कायद्यातही गुन्हा होता. पेशावरला तसं नव्हतं. सरकारच्या नजरेत तो जमाव पांगवण्याचा कायदेशीर हुकूम होता. त्यामुळे गढवाली जवानांच्या पाठीशी कुठलाच कायदा उभा नव्हता, होतं ते फक्त स्वतःचं इमान. ॲबटाबादला कोर्ट मार्शल झालं. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, इतरांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा. चंद्रसिंह ११ वर्षांनी, १९४१ मध्ये सुटले.

एकट्याने हुकूम नाकारणं आणि मिळून नाकारणं यांत लष्करी कायदा फार मोठा फरक करतो, तोही इथे दिसतो. मिळून नाकारलं की ते बंड. आजच्या आर्मी ॲक्टच्या कलम ३७ मध्येही बंड सुरू करणं, त्यासाठी चिथावणं, त्यात सामील होणं, यांना फाशीपर्यंत शिक्षा आहे.

पेशावरचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग मात्र गांधीजींशी जोडलेला आहे. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सत्याग्रही कैदी सुटले, पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस त्या माफीतून वगळले गेले. नंतर एका फ्रेंच पत्रकाराने विचारल्यावर गांधीजींनी भूमिका स्पष्ट केली: गोळीचा हुकूम न पाळणारा सैनिक आपली शपथ मोडतो, आणि उद्या सत्ता माझ्या हाती आली तर याच सैनिकांकडून मला काम घ्यायचं आहे, म्हणून मी त्यांना हुकूम मोडायला सांगू शकत नाही. अहिंसेच्या सर्वात मोठ्या नेत्याने अहिंसेसाठी हुकूम मोडणाऱ्या हवालदाराच्या पाठीशी उभं राहू नये, हे मला आजही बोचतं. पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. जमावाविरुद्ध हुकूम मोडणारी फौज उद्या निवडून आलेल्या सरकारचाही हुकूम मोडू शकते. त्या धोक्यावरचा इलाज हुकुमाला मर्यादा घालण्यात आहे. ती मर्यादा नसली की काय होतं हे अकरा वर्षं आधी जालियनवाला बागेत दिसलं होतं: सुमारे ५० रायफली, सुमारे १० मिनिटं, १६५० गोळ्या. हुकूम देताच सगळ्या रायफली चालल्या.

आज नागरी प्रशासनाच्या मदतीला लष्कर येतं तेव्हा भारतीय कायदा नेमकं हेच बांधून ठेवतो. दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून कसं वागायचं हे लष्करी अधिकारी ठरवतो, पण जमाव पांगवायला लागेल तेवढंच कमीत कमी बळ वापरायचं आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करायची, अशी त्याच्यावर सक्ती आहे.

शपथ कुणाला

शपथ कुणाच्या नावाने आहे यावरही बरंच ठरतं. २ ऑगस्ट १९३४ पासून जर्मन सैनिकांना हिटलरच्या नावाने व्यक्तिगत शपथ घ्यावी लागली. पुढे हिटलरविरुद्ध कट करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना खुनाइतकाच शपथभंगाचा प्रश्न छळत होता. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५६ च्या सैनिक कायद्यात लिहूनच टाकलं की मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम न पाळणं हा अवज्ञेचा गुन्हा नाही, आणि ज्यामुळे फौजदारी गुन्हा घडेल तो हुकूम पाळायचाच नाही.

आझाद हिंद सेनेच्या लाल किल्ल्यावरच्या खटल्यातही हाच पेच होता. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लों यांनी ब्रिटिश राजाच्या सैन्याची शपथ मोडली होती. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी मांडलं की स्वातंत्र्यासाठी संघटित सरकार स्थापून लढणाऱ्या लोकांना युद्धाचा अधिकार असतो, आणि गुलाम देशाच्या माणसाची राजनिष्ठा त्याच्या देशनिष्ठेहून मोठी धरता येत नाही. तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली, बडतर्फी कायम ठेवून. मी याला कायद्याचा विजय म्हणणार नाही, देशभरच्या संतापापुढे सरकारला घ्यावी लागलेली ती माघार होती.

इमान जेव्हा हुकुमाहून पुढे धावतं

आपल्या मराठी मनात मात्र या झगड्याची सर्वात खोल गोष्ट उलट्या दिशेची आहे. १६७३ मध्ये उमराणीला सरनोबत प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला पाणी तोडून कोंडलं आणि तो गयावया करू लागल्यावर जाऊ दिलं. तोच खान पुन्हा चालून आला. शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला आणि खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका असं कळवलं, असं परंपरा सांगते. २४ फेब्रुवारी १६७४ ला, आजच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ, प्रतापराव मागच्या फौजेची वाट न पाहता थोडक्या स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि मारले गेले. सात जणांची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारातही सेनापती सहा स्वारांसह पडल्याचा उल्लेख आहे.

त्या शौर्यापुढे मान झुकतेच. तरीही लष्करी नजरेने दोन्ही निर्णय तपासायला हवेत. उमराणीला शरण आलेल्याला न मारणं योग्यच होतं, आजचा जिनिव्हा करारही तेच सांगेल. चूक होती ती फौज शस्त्रांसकट आणि घोड्यांसकट सोडण्यात. शस्त्रं काढून घेणं, खानाला अडकवून ठेवणं हे मार्ग मोकळे होते. महाराजांचा राग दयेवर होता असं मला वाटत नाही, राज्याच्या हाती आलेली संधी दवडल्यावर होता. आणि नेसरीला ज्या माणसाच्या हुकुमावर हजारो स्वार चालत होते, त्याने स्वतःच्या मानासाठी फौजेला एका क्षणात सेनापतीविना केलं. हुकूम खानाला बुडवण्याचा होता आणि त्यासाठी सेनापती जिवंत हवा होता. राज्याभिषेकाला साडेतीन महिनेही उरले नव्हते. सरनोबतपद मग हंबीरराव मोहित्यांकडे गेलं. महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराममहाराजांसाठी सून म्हणून केली. त्या घराण्याबद्दलचा आदर त्यात दिसतो आणि झालेल्या हानीची जाणीवही.

स्वतः महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले होते. मानाला लागणारी गोष्ट होती, पण फौज आणि रयत वाचली, आणि पुढे किल्ले परत घेता आले.

रेष पुसट का होते

चुकीचा हुकूम क्वचितच ‘निरपराधांना मारा’ अशा शब्दांत येतो. तो मोघम येतो: गाव साफ करा, कुणालाही सवलत नको, कैदी सांभाळायला माणसं नाहीत. मोघमपणामुळे वरच्याला नंतर हात झटकता येतात आणि खालच्याला आपण फक्त अर्थ लावला असं वाटतं. शिवाय काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं. एक जण लोकांना गोळा करतो, दुसरा पहारा देतो, तिसरा गोळी झाडतो, आणि पहिल्या दोघांना आपण काहीच केलं नाही असं वाटत राहतं.

सगळ्यात मोठा दबाव वरिष्ठाचा नसून शेजारच्या माणसाचा असतो. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफुव्ह गावी जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१ च्या मेजर ट्राप याने सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घालायचं काम सांगितलं, आणि ज्याला झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं अशी मुभाही दिली. सुमारे ५०० माणसांतून तेव्हा डझनभरच पुढे आले. त्यांना शिक्षा झाली नाही. तरी बाकीचे उभे राहिले, कारण सोबत्यांना घाणेरडं काम सोपवून आपण निसटलो असं त्यांना दिसायचं नव्हतं. निःशस्त्रांना मारायला नकार दिला म्हणून जर्मन सैनिकाला ठार केल्याचं एकही पक्कं प्रकरण युद्धोत्तर खटल्यांतल्या बचावाच्या वकिलांना दाखवता आलं नाही.

म्हणून असा हुकूम समोर आलाच तर काय करायचं, याचा क्रम आधीच डोक्यात हवा, त्या क्षणी तो सुचत नाही. पहिल्यांदा हुकूम पुन्हा विचारायचा, मोठ्याने, इतरांना ऐकू जाईल असा: ‘साब, कैद्यांनाही?’ बऱ्याच वेळा एवढ्यानेच मोघम हुकूम मागे घेतला जातो, कारण स्पष्ट शब्दांत उच्चारायची जबाबदारी कुणाला नको असते. मग लेखी किंवा रेडिओवरून मागायचा आणि वरच्या अधिकाऱ्याशी बोलायची परवानगी मागायची. तरीही अडलंच तर नेमकी ती एक कृती नाकारायची, बाकी कामं चालू ठेवायची. जागा सोडायची नाही, शस्त्र टाकायचं नाही. नाहीतर नकाराचं रूपांतर पळून जाण्यात होतं. ‘तुम्हीही करू नका’ अशी इतरांना हाक देणं नैतिकदृष्ट्या योग्य वाटू शकतं, पण तिथून कलम ३७ सुरू होतं, हे माहीत असूनच ती द्यावी. वेळ, ठिकाण, बोललेले नेमके शब्द आणि हजर माणसांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवायची. थॉम्पसनने त्याच दिवशी तळावर केलेल्या तक्रारीचं महत्त्व इथे कळतं.

पुढे कोर्ट मार्शल झालंच, तर पहिला प्रश्न हुकूम कायदेशीर होता का हा ठेवता येतो. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल सक्षम अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली निकाल कायम होण्याआधी आणि नंतरही अर्ज करता येतो. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे, आणि कोर्ट मार्शलच्या निकालावर अपील तिथे चालतं. चंद्रसिंहांच्या वेळी असं न्यायाधिकरण नव्हतं.